मिशिगन सरोवराकाठची दीपगृहं आणि रानवाटा: आजी-आजोबा आणि मुलांसह कुठे जावं?

साळुंकी

जुलैत आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे शिकागोजवळ नेपरविलला येताहेत. या वेळी नायगारा, न्यूयॉर्क काही नको, असं बाबांनी आधीच बजावलंय. "तुमच्या उशाशी एवढं मोठं तळं आहे, ते नीट दाखवा," एवढीच त्यांची मागणी. ते मूळचे जयगडचे, दीपगृहाच्या झोतात वाढलेले. तळ्याकाठीही दीपगृहं असतात हे कळल्यापासून रोज फोनवर नवा प्रश्न येतो. तळ्याला दीपगृह लागतंच कशाला? भरती-ओहोटी असते का? वर चढू देतात का?

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती आम्हाला मागे टाकते, पण जिने नकोत. लेक सात वर्षांची, तिला शंख-शिंपले, दगड, किडे सगळं हवं असतं. मुलगा बारा वर्षांचा, त्याला नुसतं चालणं कंटाळवाणं वाटतं, चढायला काही असेल तर खूश. एक लाँग वीकेंड आणि त्याला जोडून थोडी रजा मिळतेय.

डोर काउंटी, मिशिगन राज्याचा किनारा की इंडियाना ड्यून्स? ज्यांनी घरच्या सगळ्यांना घेऊन हे केलंय त्यांचे अनुभव हवेत. 'बघायलाच हवीत अशी दहा दीपगृहं' छापाचे व्हिडिओ पाहून झालेत. त्यात आजी-आजोबा कुठेच नसतात.

काजवा

वाचतेय. ऑगस्टमध्ये सासूबाई येताहेत, मलाही हेच हवंय.

तळ्यात_मळ्यात

मी मिलवॉकीची. डोंबिवली सोडली त्याला खूप वर्षं झाली, तेव्हापासून हाच किनारा माझा. डोर काउंटीला जा, डोळे झाकून. कारण सांगते.

नकाशात पाहिलंत तर विस्कॉन्सिनच्या पूर्वेकडून एक चिंचोळी जमीन सरोवरात घुसलेली दिसेल. तिच्या एका अंगाला मिशिगन सरोवर आणि दुसऱ्या अंगाला ग्रीन बे. रुंदी एवढी कमी की सकाळी एका पाण्यावर सूर्य उगवताना पाहायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या पाण्यात मावळताना. टोकाशी जी सामुद्रधुनी आहे तिला फ्रेंचांनी 'मृत्यूचं दार' म्हटलं, आणि तिथे कितीतरी जहाजं बुडाली. काउंटीचं नाव त्या 'दारा'वरूनच पडलं. तुमच्या बाबांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

पेनिन्सुला स्टेट पार्कमधलं ईगल ब्लफ दीपगृह १८६८ चं. छोटंसं, पिवळसर विटांचं, रखवालदाराच्या घराला जोडलेलं. तिथे विल्यम डुक्लॉन नावाचे रखवालदार १८८३ पासून ३५ वर्षं राहिले, बायको आणि सात मुलगे यांच्यासह. आत गेलं की त्या घराच्या खोल्या बघायला मिळतात. मला स्वतःला मनोऱ्यापेक्षा ती खोल्यांची फेरी जास्त आवडते, कारण रात्रभर दिवा जागता ठेवणं हे एकट्या माणसाचं काम नव्हतं, अख्ख्या घराचं होतं. हे मुलांना लगेच कळतं.

आणि तुमच्या आईंसाठी: त्याच पार्कमध्ये ईगल टॉवर आहे. जुना लाकडी मनोरा मोडकळीला आल्यावर पाडला आणि २०२१ मध्ये नवा उघडला. उंची ६० फूट, पण वर जायला जिन्याबरोबरच ८५० फूट लांबीचा उताराचा रस्ता केलाय, झाडांच्या शेंड्यांमधून वळत वळत जाणारा. चाकाच्या खुर्चीतला माणूसही वरपर्यंत पोचतो. माझ्या आईला मी तिथे नेलं तेव्हा तिला कुणाचा हात लागला नाही. वरून खाली ग्रीन बेचं पाणी आणि त्यातली बेटं दिसतात. कुटुंबातला प्रत्येक जण एकाच वेळी एकाच ठिकाणी उभा राहून एकच गोष्ट बघतोय, हे प्रवासात किती कमी वेळा घडतं!

पायवाटांचं म्हणाल तर मनोऱ्याजवळून निघणारी सेंटिनेल ट्रेल सोपी, जंगलातून जाणारी, आई-बाबांना जमेल. ईगल ट्रेल मात्र कड्याच्या पायथ्याने दगडधोंड्यांतून जाते. ती फक्त तुम्ही आणि मुलगा.

दर्यावर्दी

तळ्यात_मळ्यात, तुमचं डोर काउंटीवरचं प्रेम मान्य, पण सहमत नाही. जयगडच्या माणसाला दीपगृह दाखवायचं तर मिशिगनच्या किनाऱ्यावरचंच दाखवा. या राज्यात अमेरिकेतली सर्वांत जास्त दीपगृहं आहेत, शंभराच्या वर.

लडिंग्टन स्टेट पार्कमधलं बिग सेबल पॉइंट घ्या. १८६७ चं, ११२ फूट, काळे-पांढरे पट्टे. तिथवर गाडी जात नाही. कॅम्पग्राउंडपासून वाळूच्या टेकड्यांच्या कडेने दोनएक मैल चालायचं आणि तेवढंच परत. वाटेत एका बाजूला लाटांचा आवाज, पण पाणी दिसत नाही. मग टेकडी ओलांडली की एकदम तो पट्ट्यापट्ट्यांचा मनोरा. चालत गेल्याशिवाय त्याची उंची कळत नाही, असं माझं ठाम मत. वर १३० पायऱ्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी उन्हाळ्यात ठरावीक दिवशी बस सोडतात, तारखा आधी बघून घ्या.

दक्षिणेला लिटल सेबल पॉइंट आहे, १८७४ चं, नुसत्या लाल विटांचं, भोवती घर नाही, कुंपण नाही, वाळूत एकटा उभा. पार्किंगपासून अगदी थोडं चालणं. तिथे आईंना नक्की न्या.

आणि सूर्यास्त! किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि घड्याळ ईस्टर्न टाइमचं, त्यामुळे जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला लडिंग्टनला सूर्य साडेनऊच्या सुमारास पाण्यात जातो. कोकणातल्या माणसाला सूर्य पाण्यातच बुडलेला लागतो.

मेतकूट

दर्यावर्दी, शेवटचं वाक्य वाचून मालवण आठवलं. अनुमोदन!

पायवाट

माझं वेगळं मत. नेपरविलहून डोर काउंटी काय किंवा लडिंग्टन काय, थांबे धरून पाच-साडेपाच तास. नुकतेच सातासमुद्रापलीकडून आलेले सत्तरीचे लोक, त्यांना पुन्हा एवढं गाडीत बसवायचं? आधी जवळचं करा.

१. इव्हान्स्टनचं ग्रोस पॉइंट. शिकागोला अगदी चिकटून. १८७३ चं, ११३ फूट, वर दुसऱ्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग, म्हणजे दिव्याचा झोत लांबवर फेकणारं. १८६० मध्ये लेडी एल्गिन नावाची आगबोट या भागात एका शिडाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर इथल्या लोकांनी दीपगृहाची मागणी लावून धरली. भोवती बाग आहे, खाली किनारा आहे. आत जायचे दिवस मोजके, आणि लहान मुलांना वयाची अट असते, ती आधी विचारा.

२. इंडियाना ड्यून्स. २०१९ मध्ये नॅशनल पार्क झालं. शिकागोतून साउथ शोअरची रेल्वे थेट जाते, गाडीसुद्धा नको. वेस्ट बीचला जी सक्सेशन ट्रेल आहे तिच्यावर चालताना आधी उघडी वाळू, मग गवत, मग पाइन, मग ओकचं जंगल असा क्रम दिसतो. म्हणजे जमीन कशी तयार होत गेली हे पावलापावलाने वाचता येतं. हेन्री काउल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये याच टेकड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि परिसंस्थाशास्त्राच्या इतिहासात ही वाळू कायमची नोंदली गेली. या वाटेवर जिने बरेच आहेत, तेव्हा आईंसाठी ग्रेट मार्श ट्रेल घ्या. सपाट, पाणथळ, बगळे हमखास.

३. मुलाला चढायचंय ना? शेजारच्या स्टेट पार्कमध्ये तीन टेकड्यांची चढाई आहे, मिळून ५५२ फूट, सगळी वाळूतून. एक पाऊल वर, अर्धं खाली. तो पुन्हा कंटाळा म्हणणार नाही.

तिथूनच पुढे मिशिगन सिटीला धक्क्याच्या टोकाचं १९०४ चं दीपगृह आहे, आणि त्याकडे जाणारा उंचावरचा लोखंडी पूलही. वादळात धक्क्यावरून लाटा जायच्या तेव्हा रखवालदार त्या पुलावरून दिव्यापर्यंत पोचायचे.

धुकं

धक्क्याचा विषय निघालाच आहे तर हे सगळ्यांनी वाचा, कृपया.

या सरोवराला 'तळं' म्हणून आपली माणसं गाफील राहतात. खारं पाणी नाही, भरती नाही, मग भीती कसली, असं वाटतं. दर उन्हाळ्यात इथे माणसं बुडतात, आणि त्यातली कितीतरी धक्क्यांच्या आजूबाजूला. लाट धक्क्यावर आपटून परत फिरते, येणाऱ्या लाटेशी भिडते, आणि धक्क्याला समांतर ओढ तयार होते. ती पोहणाऱ्याला आत नेते. धक्क्याच्या भिंतीला पकडायला काही नसतं. लाटा धक्क्यावर येत असतील तर दीपगृहाचा फोटो किनाऱ्यावरूनच काढा.

झेंडे बघा. लाल असेल तर मुलांना पाण्यात सोडू नका. मिशिगनच्या स्टेट पार्कांमध्ये दोन लाल झेंडे लागले की पाण्यात उतरायलाच बंदी असते. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. उताणं होऊन तरंगायचं, दम टिकवायचा, ओढ कुठे नेतेय ते बघून तिच्या बाजूने बाहेर पडायचं. हे मुलांना घरीच शिकवा, तलावात करून घ्या.

आणि पाण्याचा गारवा. वारा किनाऱ्याकडून आत वाहू लागला की वरचं कोमट पाणी ढकललं जातं आणि तळाचं वर येतं. काल पोहण्याजोगं असलेलं पाणी आज हाडं गोठवतं. भर जुलैतही.

साळुंकी

धुकं, मनापासून आभार. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. बाबा पट्टीचे पोहणारे आहेत, त्यामुळे त्यांनाच आधी वाचून दाखवते.

गारगोटी

भूगर्भवाल्याला राहवत नाही, म्हणून.

बाबांना नायगारा नको ना? डोर काउंटीला गेलात तर नायगाराचाच खडक बघाल. धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो नायगारा एस्कार्पमेंट तिथे संपत नाही. कॅनडातून, मिशिगनच्या उत्तर टोकावरून फिरून तो विस्कॉन्सिनमध्ये येतो, आणि डोर काउंटीचा कणा तोच आहे. ४० कोटी वर्षांहून जुना डोलोमाइट, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला. व्हाइटफिश ड्यून्सच्या शेजारी केव्ह पॉइंट आहे, तिथे लाटांनी याच खडकात खालून गुहा कोरल्यात. वारा असेल तर लाट आत शिरते आणि पायाखालची जमीन घुमते. मुलीला हाताशी धरून ठेवा, कडेला कठडा नाही.

मिशिगनच्या बाजूला गेलात तर तिला पेटोस्की दगड शोधायला लावा. ते प्रवाळांचे जीवाश्म आहेत. कोरडे असताना साधे राखाडी दिसतात, ओले केले की षटकोनांची जाळी उमटते. राज्याचा अधिकृत दगडच तो. पण स्लीपिंग बेअर ड्यून्समध्ये उचलायला मनाई आहे, तिथे बघून परत ठेवायचा.

भरतीचं उत्तर: चंद्र-सूर्याची ओढ इथेही आहे, पण पाणी जेमतेम ५ सेंटीमीटरच्या आत हलतं, जाणवत नाही. त्याऐवजी वर्षावर्षांत पातळी बदलते. जानेवारी २०१३ मध्ये नीचांक होता, २०२० च्या उन्हाळ्यात उच्चांकाच्या घरात. दोन्हींत सहाएक फुटांचा फरक.

उंबरठा

मी रत्नागिरीतूनच लिहितोय, अमेरिका पाहिलेली नाही. पण एक गोष्ट मनात आली. बिग सेबल १८६७, ईगल ब्लफ १८६८. आपल्या खांदेरीवरचं दीपगृहही १८६७ चं, मुंबईचं प्राँग्ज १८७५ चं. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच दशकात दिवे उभारत होती. इकडे कापूस, आगबोटी आणि १८६९ ला खुला झालेला सुएझ. तिकडे काय होतं?

दर्यावर्दी

उंबरठा, फार सुंदर प्रश्न. इकडे लाकूड आणि धान्य. मिशिगनच्या जंगलातलं लाकूड सरोवरातूनच शिकागोला जायचं, आणि १८७१ च्या आगीनंतर शहर पुन्हा उभं राहिलं त्यात या लाकडाचा मोठा वाटा. सरोवर जवळपास ५०० किलोमीटर लांब, म्हणजे मुंबई-पणजी हवाई अंतराहून जास्त, आणि खोली २८१ मीटरपर्यंत. रात्री, धुक्यात, शिडाच्या जहाजाने एवढं अंतर कापायचं तर दिव्यावाचून कसं होणार? साळुंकी, बाबांना हा हिशेब सांगा.

ओटी

जरा अवांतर, मी मिनियापोलिसहून. कधी सुपीरियर सरोवराकडे या. १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात तिथे इतकी जहाजं फुटली की त्यानंतर कड्यावर स्प्लिट रॉक दीपगृह बांधलं, १९१० मध्ये सुरू झालं. १९६९ ला ते बंद झालं, पण दरवर्षी १० नोव्हेंबरला दिवा पेटवतात. १९७५ मध्ये त्याच तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे प्रचंड मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडालं. त्या २९ जणांची नावं वाचतात, प्रत्येक नावाला घंटा. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. माझा मोठा, जो एरवी एक मिनिट गप्प बसत नाही, परतीच्या वाटेवर त्या खलाशांविषयीच विचारत राहिला.

आजोळ

मी स्वतः आजी आहे, मुलाकडे शिकागोत दर उन्हाळ्यात येते. साळुंकीताई, तुमचा धागा वाचून फार बरं वाटलं, म्हणून लिहिते.

मुलं आम्हाला प्रेमाने फिरवतात. पण प्रत्येक ठिकाणी "आई, तू इथे बाकावर बस, आम्ही पटकन जाऊन येतो," हे वाक्य येतं. त्यात काळजी असते, हे कळतं. तरी बाकावर बसून दुसऱ्यांच्या पर्सा सांभाळायला आम्ही समुद्र ओलांडून येत नाही. तुमच्या आईंना विचारा, नकाशा त्यांच्या हातात द्या. किती चालायचं, कुठे थांबायचं हे त्यांना ठरवू द्या. आणि जिना नको म्हणाल्या तर त्यांच्यासोबत कुणीतरी खाली थांबा, नातवंडांपैकी एखादं. दीपगृह खालूनही बघायचं असतं. जहाजांनी ते खालूनच पाहिलं.

बेलीज हार्बरला द रिजेस म्हणून जागा आहे, तिथे मला फार आवडलं. पाण्याने मागे सरकताना सोडलेले वाळूचे बांध, एकामागे एक, आणि मधे दलदल. फळ्यांची सपाट वाट आहे, काठी घेऊनही जाता येतं. १९३७ मध्ये तिथे राहत्या ट्रेलर-गाड्यांचा तळ होणार होता, लोकांनी एकत्र येऊन ती जागा राखली. आणि १८६९ ची दोन दीपगृहं आहेत, एक ठेंगणं आणि एक उंच, एका सरळ रेषेत. नावाड्याला दोन्ही दिवे एकावर एक दिसले की समजायचं, बंदराची वाट बरोबर. चढायचं काहीच नाही. नातीने एका दिव्यापाशी उभं राहून दुसरा रेषेत धरला आणि ओरडली, "आजी, जुळले!"

तळ्यात_मळ्यात

आजोळ, तुमच्या बाकावरच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. रिजेस मी कसं लिहिलं नाही, ते तर आधी यायला हवं.

मेतकूट

खाण्याचं कुणीच बोलत नाही! उत्तरेकडच्या गावांत शाकाहारी फार मिळत नाही. धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी घेऊन जा, शिवाय छोटा कुकर. जुलैच्या उत्तरार्धात डोर काउंटीत आंबट चेरी पिकतात, बागेत जाऊन स्वतः तोडता येतात. त्यांचं गूळ-मोहरी घालून ताजं लोणचं करा, कैरीची आठवण पुसून जाईल इतकं छान होतं. तिथली प्रसिद्ध फिश बॉइल, म्हणजे उघड्या आगीवर मोठ्या भांड्यात मासे उकडणं, मासे खाणाऱ्यांनी जरूर बघावी. शेवटी आग भडकवून पाणी उतू घालवतात, मुलं थक्क होतात.

काजवा

गोचिडांचं कुणी सांगा ना. विस्कॉन्सिनचं ऐकून भीती वाटते.

पायवाट

भिऊ नका, पण सावध राहा. फिकट रंगाच्या लांब पँट, त्या मोज्यांत खोचलेल्या, वाटेच्या मधून चालायचं, आणि मुक्कामी आल्यावर सगळ्यांचं अंग तपासायचं: गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-काडी काही नको. तीन-तीन पानांची, स्पर्शाने अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही मुलीला आधीच ओळखायला शिकवा. शिंपल्यांमागे ती झुडपांत शिरणारच.

साळुंकी

काल रात्री आईला हा धागा फोनवर वाचून दाखवला. आजोळ, तुमचं लिहिणं ऐकून ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "नकाशा पाठव." तर आता नकाशा तिच्याकडे आहे, आणि ठरलं असं:

आल्यावर आधी विश्रांती आणि इव्हान्स्टन, इंडियाना ड्यून्स सवडीने. मग लाँग वीकेंडला डोर काउंटी, एकाच गावात मुक्काम. बाबांना लडिंग्टनही हवंय. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकहून तिकडे बॅजर बोट जाते असं कळलं, गाडीसकट. ती जोडावी का, की फार होईल?

दर्यावर्दी

जोडाच. १९५३ ची कोळशावर चालणारी बोट, चार तासांत सरोवर पार. मधे बराच वेळ दोन्ही किनारे दिसत नाहीत. तळ्याला दीपगृह कशाला, हे बाबा मग स्वतःच सगळ्यांना समजावतील. पलीकडे एक मुक्काम करून लिटल सेबल बघा आणि दक्षिणेने घरी या. बिग सेबलची लांब चाल बसच्या तारखा जुळल्या तरच.

तळ्यात_मळ्यात

दर्यावर्दींशी या बाबतीत सहमत! फक्त डोर काउंटीतला क्रम असा ठेवा: केना आयलंड बेटावरचं दीपगृह सकाळी, ईगल ब्लफ संध्याकाळी. केना पूर्वेच्या अंगाला आहे, सकाळचं ऊन थेट मनोऱ्यावर येतं. १८६९ चं, ८९ फूट, ९७ पायऱ्या. मूळच्या विटा हवेने झिजायला लागल्या म्हणून १९०२ मध्ये वरून पोलादी कवच चढवलं. तिसऱ्या श्रेणीचं भिंग अजून जागेवर आहे. बेटावर जायला दगडगोट्यांची वाट आहे. पाणी चढलेलं असेल तर ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून नेतात, म्हणजे आईंना गोट्यांवरून चालावं लागेल की नाही हे त्या वर्षीच्या पातळीवर अवलंबून. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि लेकीची उंची चढायला पुरते का तेही त्याच फोनमध्ये. राहायची जागा मात्र आजच बघा, जुलैत तिकडे ऐन वेळी काही मिळत नाही.